वहिनींचा मधला

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे वहिनी म्हणायचे, अगदी साहेबसुद्धा. खरं तर त्या एकाच माणसाच्या वहिनी होत्या, आकाशाकडे तोंड केलेल्या तबकड्यांची, म्हणजे अँटेनांची, देखभाल करणाऱ्या मेकॅनिकच्या. तो त्यांचा सख्खा दीर. नोकरीच्या पहिल्या दिवशी तो त्यांना कंट्रोल रूममध्ये घेऊन आला आणि "या आमच्या वहिनी, यांचं गणित चांगलं आहे," एवढीच ओळख करून देऊन आपल्या कामाला गेला. नाव सांगायचं राहूनच गेलं. पुढे त्यांच्यापेक्षा वयानं मोठा असलेला एक इंजिनिअर नोकरीला लागला, तोही आठवड्याभरात वहिनी म्हणायला लागला.

आमची कंपनी उपग्रह चालवायची. म्हणजे बनवायची नाही आणि उडवायचीही नाही, ते काम दुसऱ्यांचं. एकदा उपग्रह आपल्या जागी पोचला की तो सांभाळायचा आणि त्याच्यातली जागा भाड्यानं द्यायची, हा आमचा धंदा. टीव्हीची चॅनेलं, बँकांच्या आडगावातल्या शाखा, खाणी, मालवाहू जहाजं, डोंगरातली इस्पितळं, असे आमचे भाडेकरू. "आपण घरमालक," वहिनी म्हणायच्या, "इमारत तेवढी जरा उंचावर आहे." ती छत्तीस हजार किलोमीटर उंचावर होती. भाडेकरूंचे फोन घ्यायचं काम माझं, त्यामुळे घरमालकाला काय काय ऐकावं लागतं हे मला कुणी शिकवायला नको.

उपग्रह चार होते. कागदोपत्री त्यांना आकडे होते, पण कंट्रोल रूममध्ये त्यांची नावं थोरला, मधला, धाकटा आणि शेंडेफळ. थोरला आता थकला होता, इंधन थोडंच उरलेलं, म्हणून राखीव ठेवला होता. सगळा संसार मधल्याच्या खांद्यावर. धाकटा जहाजं सांभाळायचा. शेंडेफळ नवं, महागडं आणि जरा लाडावलेलं, त्याच्या काही ना काही तक्रारी असायच्याच.

वहिनी आधी मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. ती शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली आणि दोन गणिताच्या बाईंपैकी एकच ठेवायची ठरली. वहिनी घरी बसल्या. त्यांचे यजमान चष्मे बनवतात, दुकान घराच्या खालीच. काही दिवस त्या दुकानात बसल्या, पण गिऱ्हाइकाला फ्रेम शोभत नसेल तर तोंडावर सांगून मोकळ्या व्हायच्या, तेव्हा यजमानांनीच धाकट्या भावाला गळ घातली की हिच्यासाठी कुठे काही बघ. तशा त्या आमच्याकडे आल्या, चाळिशीला टेकलेल्या असताना. सासूबाईंनी तेव्हा शेजारणीला सांगितलं होतं, "आमच्या सुनेला आभाळातलं काम मिळालंय. जमिनीवरचं कोण करणार ते बघू."

काम शिकायला त्यांना दोनेक वर्षं लागली. उपग्रह एका जागी उभा दिसतो, पण तो पृथ्वीच्या बरोबरीनं फिरत असतो म्हणून तसा दिसतो. चंद्र ओढतो, सूर्य ओढतो, आणि हळूहळू तो जागा सोडायला लागतो. मग अधूनमधून त्याला हलकासा धक्का देऊन परत जागेवर आणायचा. धक्का किती, कुठल्या बाजूनं आणि केव्हा, हे वहिनी काढायच्या. घरी एकदा त्यांनी हे समजावून सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे झोपलेलं पोर पलंगाच्या कडेला आलं की सरकवायचं." वहिनींना हे इतकं आवडलं की नव्या माणसांना त्या पहिल्या दिवशी हेच सांगायच्या.

अशी बरीच वर्षं सुखात गेली. आणि मग मधला ऐकेनासा झाला.

सकाळची वेळ होती. वहिनींनी नेहमीच्या धक्क्याचा हुकूम पाठवला. हुकूम पोचला की उपग्रह लगेच "मिळाला" अशी पोच देतो. पोच आली नाही. त्यांनी पुन्हा पाठवला. दिरांनी तबकडी तपासली, मग दुसरी मोठी तबकडी मधल्याकडे वळवली. तिच्यातूनही तेच. गंमत म्हणजे माझे फोन शांत होते. एकाही भाडेकरूची तक्रार नाही. टीव्ही चालू, बँका चालू. मधला आपलं काम इमानेइतबारे करत होता, फक्त आमचं एक अक्षर त्याच्या कानावर पडत नव्हतं.

"बोलतोय, पण ऐकत नाही," वहिनी साहेबांना म्हणाल्या.

"का?"

"ते कळलं असतं तर मी तुमच्याकडे आले असते का?"

सूर्यावर त्याच आठवड्यात वादळ झालं होतं, त्याचा फटका असावा असा बहुतेकांचा अंदाज. बनवणाऱ्या कंपनीची माणसं आली, त्यांनी पाचसहा कारणं सांगितली आणि त्यातलं नक्की कुठलं ते सांगता येत नाही असंही सांगितलं. त्यांच्या सांगण्यावरून नाना तऱ्हेचे हुकूम पाठवून झाले, आवाज वाढवून झाला, एकाच वेळी दोन ठिकाणांहून हाका मारून झाल्या. मधला ढिम्म.

आता धक्का नाही म्हटल्यावर तो जागा सोडणार हे उघड होतं. तो पूर्वेकडे सरकायला लागलाही होता. साहेबांनी निर्णय घेतला, थोरल्याला उठवायचं आणि मधल्याच्या जागी आणून उभं करायचं. वहिनींनी त्याचा मार्ग आखला. जाताना इंधन कमीत कमी जळावं म्हणून त्याला सावकाश आणला. मग एकेक भाडेकरू मधल्यावरून थोरल्यावर हलवायचा. हे करताना एकदाच, एका रविवारी दुपारी, टीव्हीवरचं चित्र क्षणभर गेलं. नेमकी तेव्हा सासूबाईंची मालिका चालू होती आणि एक बाई दुसरीला काहीतरी फार महत्त्वाचं सांगत होती.

वहिनी घरी पोचल्या तर सासूबाई तयारच होत्या. "ती काय म्हणाली ते आता मला कोण सांगणार?"

"उद्या परत दाखवतील, आई."

"उद्यापर्यंत मी आहे कशावरून? तुझ्या मधल्याला म्हणावं, आजारी पडायचं तर बातम्यांच्या वेळेला पड."

भाडेकरू हलले, आमचं घर सावरलं. पण खरी पंचाईत पुढेच होती. मधला रिकामा झाला तरी गप्प झाला नव्हता. खालून कुणीही त्याच्या दिशेनं काही पाठवलं की तो ते पकडून, जोर लावून परत खाली सोडणार. आणि त्याच्या वाटेवर पुढे दुसऱ्या एका कंपनीचा उपग्रह उभा होता. तो मधल्याच्याच लहरींच्या पट्ट्यात बोलणारा. मधला त्याच्या शेजारी पोचला की त्यांच्या भाडेकरूंचं बोलणं दोघंही पकडणार, दोघंही खाली सोडणार, आणि एकाच खोलीत दोन माणसं एकदम तेच वाक्य बोलायला लागल्यासारखा गोंधळ होणार. एकमेकांवर आदळायची भीती त्या मानानं कमी होती, वर जागा भरपूर असते.

ती दुसरी कंपनी आमची सख्खी वैरी. आकाशातल्या एका जागेवरून दोघांची कोर्टात जुंपली होती. साहेबांचं आणि तिकडच्या साहेबांचं बोलणं बंद होतं, जे काय असेल ते वकिलांमार्फत. आता वकिलांमार्फत पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत मधला पार पुढच्या गल्लीत पोचला असता.

वहिनी साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी तेव्हा तिथे एका जहाज कंपनीची तक्रार घेऊन उभी होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर झालं.

"मी तिकडच्या कंट्रोल रूमला फोन करते," त्या म्हणाल्या. "मधला रोज कुठे असेल ते त्यांना आपण आधीच सांगायला हवं."

"आपले आकडे त्यांना द्यायचे? वकील काय म्हणतील?"

"साहेब, आपला बैल दुसऱ्याच्या शेतात शिरतोय. निदान कुठल्या बांधावरून शिरतोय ते तरी सांगू. ते लपवून आपण काय मिळवणार?"

साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त सहीला घाबरायचे. बराच वेळ ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. शेवटी म्हणाले, "तुम्ही फोन केला हे मला माहीत नाही, असं समजू."

"समजा," वहिनी म्हणाल्या आणि त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलला.

पलीकडून बोलले ते तिकडचे कक्षेचं गणित बघणारे गृहस्थ. आवाज जाडाभरडा, बोलणं तुटक. वहिनींनी कुठल्या कंपनीतून बोलतेय ते सांगितल्यावर ते म्हणाले, "मधल्याची आई का? मी चार दिवस तुमच्या फोनची वाट बघतोय. मला इकडून करायला परवानगी नाही."

मधला हे नाव त्यांच्यापर्यंत कसं पोचलं कोण जाणे. या धंद्यात भिंतींना जरा जास्तच कान असतात. त्या दिवसापासून आमच्याकडे त्यांचं नाव पडलं शेजारी, आणि ते वहिनींना शेवटपर्यंत मधल्याची आई म्हणत राहिले.

रोज सकाळी फोन व्हायचा. वहिनी मधल्याचा ठावठिकाणा सांगायच्या, शेजारी आपल्या उपग्रहाचा. युक्ती दोघांनी मिळून काढली. मधला जवळ आला की शेजाऱ्यांनी आपला उपग्रह त्याच्या पुढे पुढे थोडा सरकवत न्यायचा, अंतर राखून, आणि मग ठरल्या दिवशी उलट धक्का देऊन त्याला पटकन मधल्याच्या मागे घालायचा. अरुंद जिन्यात समोरून सामान घेऊन येणाऱ्याला आपण कडेला होऊन वाट देतो, तसं. त्या काळात त्यांच्या भाडेकरूंचं बोलणं फक्त मोठ्या तबकड्यांमधून पाठवायचं, कारण मोठी तबकडी नेम धरून एकालाच हाक मारते. शेजाऱ्यांकडे तेवढ्या मोठ्या तबकड्या नव्हत्या, म्हणून आमची एक त्यांना वापरायला द्यायची ठरली. हेही साहेबांना माहीत नाही असं समजायचं होतं. पण दिरांना तबकडी वळवण्याचा कागद साहेबांच्याच सहीनं मिळाला.

मधल्याच्या वाटेत एकच दिवस वाकडा गेला. शेजाऱ्यांनी मोजलेली जागा आणि वहिनींनी सांगितलेली जागा यांत फरक आला. थोडाच, पण वाट देताना थोडा फरकही पुष्कळ असतो. वहिनी जेवायचा डबा तसाच ठेवून बसल्या. दुपार कलली तेव्हा त्यांना सापडलं. ऊन लागलं की मधल्याचे उन्हावर वीज बनवणारे लांब पंख शिडासारखे थोडे ढकलले जायचे. तो नीट सरळ उभा असतानाचा हिशेब त्यांनी धरला होता, आणि तो आता किंचित कलायला लागला होता. त्यांनी लगेच फोन लावला.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा आकडा बरोबर. नवीन आकडे लिहून घ्या."

शेजाऱ्यांनी लिहून घेतले. मग म्हणाले, "आमच्याकडे दोन दिवस यावर मीटिंग चालली असती, चूक कुणाची ते ठरवायला."

साहेब मात्र नाराज झाले. "कबूल कशाला केलंत? उद्या कोर्टात तेच पुढे करतील."

"उत्तर चुकलं होतं, साहेब. खोडून नवीन लिहिलं. शाळेत मुलींना मी वेगळं काही शिकवलं नाही."

आणि कोर्टात पुढे कुणी काही केलं नाही. उलट त्या फोननंतर शेजाऱ्यांच्या कंट्रोल रूममधले इतर लोकही मोकळेपणानं बोलायला लागले.

दोन्ही उपग्रह एकमेकांजवळून गेले त्या पंधरवड्यात मी फोनला चिकटून बसले होते. तक्रारींचा पाऊस पडणार म्हणून माझ्या मदतीला आणखी दोघी दिल्या होत्या. एकच तक्रार आली. एका गृहस्थांचं चित्र थरथरत होतं. मी त्यांना शंभर प्रश्न विचारले, माणूस पाठवला. बायकोनं गच्चीवरच्या तबकडीला दोरी बांधून ओल्या चादरी वाळत घातल्या होत्या.

लोकांना वाटायचं वहिनी त्या काळात काळजीनं खंगल्या असतील. तसं काही नव्हतं. त्यांचे यजमान एकदा मला म्हणाले, "घरी गुणगुणत असते हल्ली. भाजी निवडताना मध्येच उठून काहीतरी लिहून येते." मी वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "शाळेतल्या गणिताचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेलं असायचं. पोरी आधी तेच बघायच्या, खरं सांगायचं तर मीही. याचं मागचं पानच नाही. मजा येते." मग म्हणाल्या, "भीतीही वाटते. पण मजा जास्त."

मधला शेजाऱ्यांच्या अंगणातून सुखरूप पुढे गेला. त्याच्यापुढे आणखी दोन कंपन्यांचे उपग्रह होते. त्यांना शेजाऱ्यांनीच कळवलं की मधल्याच्या आईशी बोला, सरळ बाई आहे. सकाळच्या फोनवर आता चार जण असायचे. तिकडे कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हेही आकड्यांबरोबर आम्हाला कळू लागलं.

आता एकच आशा उरली होती. उपग्रहाचा तोल सांभाळायला त्याच्या पोटात चाकं फिरत असतात. त्यांच्यावर ताण साठत जातो आणि तो उतरवायला खालून हुकूम लागतो. मधल्याला हुकूमच पोचत नव्हते, तेव्हा कधी ना कधी त्याचा तोल जाणार, पंख सूर्यापासून वळणार, बॅटरी संपणार आणि तो पार निजणार. फिरता फिरता पंखांवर पुन्हा ऊन आलं की तो कोरा होऊन जागा होईल, आणि तेव्हा कदाचित ऐकेल. बनवणारे म्हणाले होते, दोन महिन्यांत होईल. दोन महिने गेले, चार गेले. मधला चांगल्या हाडाचा निघाला, तोल सोडेना. साहेबांनी त्याच्या नावापुढे फुली मारायची तयारी केली. कंट्रोल रूममधले मात्र पाळीपाळीनं रोज त्याला एक बिनकामाचा हुकूम पाठवत राहिले. त्यानं काही करायचं नसतं, नुसतं "मिळाला" म्हणायचं असतं.

तो "मिळाला" म्हणाला तेव्हा वहिनी कंट्रोल रूममध्ये नव्हत्याच. सासूबाईंची दाढ काढायची होती म्हणून त्या दाताच्या दवाखान्यात होत्या. सासूबाई खुर्चीत आडव्या, तोंड उघडं, अर्धा गाल बधिर, आणि वहिनींनी त्यांचा हात धरलेला. तेवढ्यात दिरांचा फोन आला.

"वहिनी, मधल्यानं हूं केलं."

"नक्की त्यानंच?"

"काल बॅटरी उतरत होती, बोलणं बंद झालं होतं. आत्ता पंखांवर ऊन आलं आणि आमच्या हुकमाला पोच आली. दोनदा विचारलं, दोनदा आली."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलेलं डॉक्टरांना दिसलं, आणि ते सांत्वनानं म्हणाले, "अहो, आजींना काही दुखत नाहीये."

"आजींचं नाही," वहिनी म्हणाल्या. "आमचा मधला बोलला."

सासूबाईंनी डॉक्टरांचा हात बाजूला सारला आणि बधिर तोंडानं जे सांगितलं ते असं होतं, की दाढ कुठे पळून जात नाही, तू जा. वहिनी गेल्या नाहीत. दाढ निघेपर्यंत थांबल्या, सासूबाईंना घरी सोडलं, कापूस कसा धरायचा ते यजमानांना दाखवलं आणि मग ऑफिसला आल्या. तोवर दिरांनी आणि पाळीवरच्या माणसांनी मधल्याला सरळ उभा केला होता आणि बोलणारी यंत्रं बंद करून ठेवली होती. वहिनींनी खुर्ची ओढली, पाणी प्यायल्या, आणि इतक्या महिन्यांचा राहिलेला पहिला धक्का लिहायला घेतला. त्याआधी शेजाऱ्यांना एक फोन तेवढा केला. आम्हाला पलीकडून टाळ्या ऐकू आल्या.

पुढचं सगळं हळूहळू झालं. मधल्याला सावकाश मागे आणलं. येताना वाटेत पुन्हा तेच शेजारी लागले, पण या वेळी तो तोंड मिटून, शहाण्यासारखा त्यांच्या जवळून आला. तपासण्या झाल्या. थोडा म्हातारा झाला होता, बाकी धडधाकट होता. भाडेकरू त्याच्याकडे परत गेले आणि थोरल्याला विसावा मिळाला. कोर्टातलं भांडण दोन्ही साहेबांनी बसून मिटवलं. दोघांनाही एकमेकांच्या बाबतीत काही माहीत नव्हतं असं ते समजत होते, त्यामुळे सोपं गेलं.

त्यानंतर एकदा शेजारी बायकोला घेऊन वहिनींच्या घरी आले. आवाजावरून आम्ही धिप्पाड माणूस कल्पिला होता. हे किडकिडीत, आणि घशाच्या जुन्या दुखण्यानं आवाज बसलेला. यजमानांनी त्यांच्या चष्म्याची सैल दांडी बोलता बोलता घट्ट करून दिली. चहा झाल्यावर शेजाऱ्यांनी विषय काढला. आमच्याकडे या, खात्याच्या प्रमुख व्हा, असं त्यांच्या कंपनीनं सांगून पाठवलं होतं.

"आमच्या घराचं काय?" वहिनींच्या आधी सासूबाईंनीच विचारलं.

वहिनी हसल्या. "प्रमुख झाले तर मीटिंगा कराव्या लागतील," त्या म्हणाल्या. "गणित दुसरा कुणीतरी करेल. मला ते नको. रोज सकाळी फोन मात्र चालू ठेवू."

तो चालू राहिला. मधला त्यानंतर सहा-सात वर्षं चालला. इंधन संपत आलं तेव्हा नियमाप्रमाणे त्याला आणखी वर, जिथे कुणाच्या वाटेत येणार नाही अशा उंचीवर नेऊन ठेवायचं होतं. शेवटचे धक्के वहिनींनीच लिहिले. मग बॅटरी तोडायचा आणि बोलणं कायमचं बंद करायचा हुकूम गेला. "मिळाला," मधला म्हणाला. पडद्यावरची रेघ सपाट झाली.

कुणीतरी विचारलं, वाईट वाटतंय का. वहिनी थोडा विचार करून म्हणाल्या, "नाही. त्यानं सगळं काम केलं, इंधन शेवटपर्यंत वापरलं आणि जाताना सांगितलेलं ऐकलं. आणखी काय हवं?"

दुपारचा एक वाजून गेला होता. दिरांनी सगळ्यांचे डबे काढून टेबलावर मांडले, वहिनींनी हात धुतले, आणि आम्ही जेवायला बसलो.